आधी गोलाई, मग सौदा

मानोऱ्याच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी गेली एकतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. वारसाच्या नोंदी, धुऱ्याचे वाद, गारपिटीच्या अनुदानाची मागणी, कधी एखाद्या म्हाताऱ्याला पुण्यातल्या मुलाला धाडायचं पत्रसुद्धा. या कागदांमध्ये सागाच्या झाडांचा करारनामा वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी माझ्या टेबलावर येतो. माझ्याकडून तो लिहून घ्यायला मात्र फार थोडे येतात. बहुतेक जण सही झालेला, अंगठा उठलेला कागद पिशवीतून काढतात आणि म्हणतात, "भाऊ, यात काय लिवलं हाय थे जरा वाचून सांगा."

गेल्या वर्षी मे महिन्यात पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून एक बाई आली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा आठवीत, पाच एकर कोरडवाहू. तिच्याजवळ पाचशेच्या स्टॅम्पवरचा करारनामा होता. त्यात लिहिलं होतं, की धुऱ्यावरील सागाची अंदाजे बावीस झाडे उक्ते रुपये पंचेचाळीस हजारांस दिली असून लिहून घेणार हे ती आपल्या सवडीने तोडून नेतील, त्यास लिहून देणार यांची अथवा त्यांच्या वारसांची कोणतीही हरकत राहणार नाही. पाच हजार इसार हातात पडला होता. बाकीची रक्कम माल उचलताना मिळणार होती. सोबत तोडीच्या परवानगीचा एक कोरा अर्ज होता, त्यावर तिचा अंगठा आधीच घेतलेला.

मी वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मायवालं वावर, मायवाले झाडं, मंग सारे कागद त्याच्यापाशी कायले?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिला एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे.

आमच्या भागात उक्तं देणं ही जुनी रीत आहे. संत्र्याचा बहार उक्ता जातो, आमराई उक्ती जाते. त्यात दोन्ही बाजूंची जोखीम सारखी असते. फळ हाती येईपर्यंत गारपीट होईल की भाव पडेल हे ना बागवाल्याला ठाऊक असतं ना व्यापाऱ्याला. जे कोणालाच कळत नाही त्याचा अंदाज बांधून सौदा करणं यात काही वावगं नाही. सागाचं तसं नाही. साग उभा असतो, गारपिटीनं गळत नाही, त्याच्या अंगात किती लाकूड आहे हे फीत लावून पाहता येतं. ज्याला लावता येते तो लावतो. ठेकेदाराचा माणूस धुऱ्यावरून एक चक्कर मारतो तेव्हा त्याच्या डोळ्यात मोजणी पक्की झालेली असते, आणि मालकाला फक्त झाडांची संख्या माहीत असते, तीही अंदाजे. एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा ठिकाणी उक्ता सौदा होऊच नये. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि एकतीस वर्षांच्या अनुभवानंतर ते मला आग्रहानं सांगायचं आहे.

लाकडाचा हिशेब अवघड नाही. ओंडक्याच्या मधोमध गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग काढायचा, त्या चौथ्या भागाला त्यानेच गुणायचं आणि आलेल्या आकड्याला लांबीनं गुणायचं. ६० सेंटिमीटर गोलाईचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका घ्या. चौथा भाग १५ सेंटिमीटर. लाकूड भरतं ०.०६७५ घनमीटर. आता तेवढ्याच लांबीचा १२० सेंटिमीटर गोलाईचा ओंडका घ्या. चौथा भाग ३० सेंटिमीटर. लाकूड भरतं ०.२७ घनमीटर. गोलाई दुप्पट झाली, लाकूड चौपट झालं. शिवाय जाड ओंडक्याला घनमीटरमागे भावही चढा मिळतो, कारण त्यातून रुंद फळी आणि गाभ्याचं लाकूड निघतं. म्हणजे धुऱ्यावरच्या बावीस झाडांतली सहा-सात जाड झाडंच सगळ्या सौद्याची किंमत फेडतात आणि बाकीची पंधरा वर सुटतात. बावीस हा आकडा या व्यवहारात काहीच सांगत नाही.

या चौथाई हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. गोल ओंडक्याचं खरं घनफळ शंभर धरलं तर या पद्धतीत साडेअठ्ठ्याहत्तरच मोजलं जातं. चिरकामात वाया जाणाऱ्या कडांसाठी ही सूट फार जुन्या काळापासून चालत आली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मोजूनसुद्धा पंचमांशाहून जास्त लाकूड हिशेबाबाहेर राहत असेल, तर न मोजता किती राहत असेल याचा विचार करावा.

हे मला कोणी शिकवलं नाही. १९८९ साली माझ्या बहिणीच्या लग्नासाठी आमच्या बाबांनी धुऱ्यावरचे अठरा साग उक्ते दिले. तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं आणि कामाला अकोल्याला जावं लागे. इसार लग्नाआधी मिळाला, थोडी रक्कम लग्नानंतर. झाडं मात्र तुटेनात. बाबा दर उन्हाळ्यात विचारायला जायचे. कागदावर "सवडीने" लिहिलेलं होतं आणि ती सवड पाच पावसाळे आली नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात कुऱ्हाड लागली, तेव्हा झाडं पाच वर्षांनी जास्त जाड होती आणि किंमत १९८९ चीच होती. ८० सेंटिमीटरचं झाड ९२ चं झालं, तर त्यात जवळपास एक तृतीयांश लाकूड वाढतं, हा हिशेब मी नंतर केला. त्या दिवशी मी फक्त खुंट मोजले. ते एकवीस होते. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इसार घेतला होता बाबू, जबान दिली होती." त्यांनी शब्द पाळला आणि त्या शब्दात काय काय मावतं हे समोरच्याला चांगलं माहीत होतं. पुढच्या वर्षी मी हे टेबल टाकलं.

खूप पुढे एका वकिलांनी मला शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा निवाडा समजावून सांगितला. प्रकरण आपल्याच विदर्भातलं, भंडाऱ्याकडचं. एका जमीनदारानं १९४८ मध्ये बायकोच्या नावे कागद केला होता. आपल्या जंगलातलं इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि बांबू बारा वर्षं तोडून न्यावेत, असा तो कागद. त्याची नोंदणी केलेली नव्हती. १९५१ मध्ये जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं, तोड थांबली आणि बाई न्यायालयात गेल्या. त्यांना दाद मिळाली नाही. पण त्या निवाड्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, झाड आणि उभं इमारती लाकूड यांतला फरक फार नीट मांडला आहे. लवकरच तोडून न्यायचं म्हणून जे विकलं ते लाकूड, ते जंगम. पण जे जमिनीत उभं राहून, जमिनीचा रस घेऊन वर्षानुवर्षं वाढत राहणार आहे ते झाड, ते जमिनीशी बांधलेलं, स्थावर. त्याचा हक्क लिहून द्यायचा असेल तर नोंदणी लागते.

हे ऐकलं तेव्हा मला बाबांचा कागद आठवला. लाकडाचा सौदा साध्या स्टॅम्पवर का होतो, तर तोडण्यासाठी विकलेलं उभं झाड कायद्यानं 'माल' आहे म्हणून. आणि त्याच कागदात "सवडीने" हा शब्द घालून ठेकेदार पाच वर्षांची वाढ फुकट घेतो. न्यायमूर्तींनी १९५८ मध्ये आखलेली रेघ एका शब्दानं पुसली जाते. म्हणून माझ्या हातून लिहिलेल्या एकाही करारात हा शब्द नसतो. तोडीची शेवटची तारीख मी आकड्यात आणि अक्षरात लिहितो, आणि त्या तारखेनंतर उभं असलेलं झाड मालकाचं, हे वाक्य खाली घालतो. काही ठेकेदार ते वाक्य पाहून उठून जातात. उठून गेलेला बरा.

आता परवान्याकडे येतो. साग शेतात उभा असला तरी मालकाला तो मनानं तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (नियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत साग आहे, आणि त्याच्यासोबत मोह, आंबा, चिंच, हिरडा, फणस, खैर, चंदन, तिवस, बिजा, हलदू, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खाजणातली झाडं. यांना हात लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्जाला सातबारा, आठ-अ, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती जोडायची, शेत जंगलाला लागून असेल तर हद्दीची मोजणी करून घ्यायची. मग झाडं पाहून त्यांच्यावर खुणा होतात, यादी होते, परवानगी मिळते. तोड झाल्यावर ओंडक्यांवर हातोड्याचा छाप बसतो आणि वाहतुकीचा पास मिळतो. त्याला सगळे टीपी म्हणतात. टीपीशिवाय गाडी रस्त्यावर दिसली तर माल जप्त होतो.

मी या कायद्याच्या विरोधात नाही. तो नसता तर मानोरा ते दिग्रस रस्त्याला आज जी झाडी दिसते तीही दिसली नसती. हा कायदा, आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीचा १९६९ चा कायदा, तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या हाती घेणारा १९६९ चाच दुसरा कायदा आणि १९७४ साली स्थापन झालेलं वन विकास महामंडळ, हे सगळं वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना झालं. ते गहुलीचे, म्हणजे इथून जवळच्या पुसद तालुक्यातले, आणि शेतकऱ्याचे. कायदा करताना शेतकरी आणि झाड दोन्ही त्यांच्या नजरेसमोर असणार, असं मी मानतो. पण कायदा कागदावर उतरल्यावर जी वाट तयार झाली, ती चालायला पाच एकरवाल्याला वेळ नाही, पैसा नाही आणि ओळखही नाही. त्याला अर्ज द्यायला एकदा, मोजणीसाठी एकदा, त्रुटी निघाली की पुन्हा, पाहणीला कोणी येईल म्हणून शेतात थांबून चार दिवस, असे दिवस मोडावे लागतात. ठेकेदार म्हणतो, ते सगळं मी पाहतो, तुम्ही फक्त सही करा. त्या क्षणी झाडाबरोबर झाडाची माहितीही विकली जाते. खुणा केलेल्या झाडांची यादी, प्रत्येकाची गोलाई, ओंडक्यांची मोजणी, हे सगळं सरकारी कागदात असतं, मालकाच्या नावानं असतं, आणि मालकानं ते कधी पाहिलेलं नसतं. तांड्यावरच्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

या वाटेची भीती आणखी एका गोष्टीतून दिसते. धुऱ्यावर सागाचं रोप आपोआप उगवलं, की कित्येक शेतकरी ते हातभर असतानाच उपटून टाकतात. उद्या मोठं झालं की कागदाची कटकट, चोरीला गेलं की चौकशी, असं त्यांचं म्हणणं. झाड वाचवण्यासाठी केलेल्या नियमाला भिऊन झाड लहानपणीच मरत असेल, तर तो नियम राबवण्याच्या रीतीत दोष आहे. सुबाभूळ आणि निलगिरी लोक लावतात, कारण त्यांची कटकट कमी. आमच्या मातीतला साग, तिवस, बिजा मात्र कमी होत चालला आहे. पूर्वी गाडीला तिवसाचं लाकूड हमखास मिळायचं. आता सुताराला विचारलं तर तो बाभळीवर येऊन थांबतो.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं विनापरवाना तोडीचा दंड हजार रुपयांवरून पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला होता. तेव्हा खूप चर्चा झाली. शेतकऱ्यांनी विरोध केला, झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी बाजू घेतली. दोन्हीकडचे लोक दंडावर बोलले. झाडाच्या मालकाला त्याच्या झाडाची मोजणी लेखी मिळाली पाहिजे, हे त्या चर्चेत मला कुठे ऐकू आलं नाही.

तेंदूकडे पाहिलं की मोजमापाची ताकद कळते. पुसद, दिग्रसच्या जंगलाकडे पान तोडायला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, पुड्यात पानं किती? सत्तर. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. भाव कमी-जास्त होईल, मजुरी उशिरा मिळेल, एखादा मुनीम पुडा नाकारेल, भांडण होईल. पण भांडायला तिच्याजवळ आकडा असतो. सत्तर हा आकडा बाईच्या बोटांत बसलेला असतो, त्यामुळे तिला सत्तरचे ऐंशी करून कोणी सांगू शकत नाही. सागाच्या मालकाजवळ असा आकडा नाही. तो त्याला दिला पाहिजे.

आणि पासचं म्हणाल तर तो मालकाच्या हाती येऊ शकतो हे या राज्यात घडून गेलेलं आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला परवान्याशिवाय जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. आमच्या शाळेत गुरुजी तो दिवस सांगायचे, इथून काही कोसांवर घडलेली गोष्ट म्हणून. गवताच्या पेंढीसाठीसुद्धा सरकारचा कागद लागत होता. त्यानंतर ८१ वर्षांनी, २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता, कायदा वाचला होता, बांबू मोजला होता. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला, आणि पान तोडण्यासाठी झाडांची हानी होते म्हणून तेंदूचं उत्पन्न स्वतःहून सोडलं. ज्याच्या हाती पास आला त्यानं जंगल संपवलं नाही, असं या दोन गावांकडे पाहून मी खात्रीनं म्हणतो.

या गावांनी धरलेला वनहक्क कायद्याचा मार्ग आमच्या तालुक्यातल्या सगळ्यांना सारखा खुला नाही, हेही सांगायला हवं. आमच्याकडे आंध समाज अनुसूचित जमातीत आहे. बंजारा समाज शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यामुळे वनहक्क कायद्यात तांड्यावरच्या माणसाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणावा लागतो. धुऱ्यावरच्या सागाच्या बाबतीतही तीच तफावत. १९६९ च्या कायद्याप्रमाणे आंध खातेदार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, वन विभाग झाडं तोडतो, आगारात नेऊन लिलाव करतो आणि खर्च वजा जाता रक्कम खातेदाराला मिळते. मधे ठेकेदार नाही. त्याच धुऱ्याच्या पलीकडच्या बंजारा, कुणबी किंवा बौद्ध शेतकऱ्याला हे संरक्षण नाही.

या कायद्याखालचे पैसे हाती यायला वेळ लागतो, ही तक्रार मी किती तरी जणांकडून ऐकली आहे. ज्याच्या घरात लग्न आहे, दवाखाना आहे, तो लिलावाची वाट पाहू शकत नाही आणि मग मागच्या दारानं तोच उक्ता सौदा होतो. पैशाची निकड ही या सगळ्या व्यवहाराची खरी किल्ली आहे. साग कोणी हौसेनं विकत नाही. १९९० च्या दशकात बस्तरमध्ये मालिक मकबूजाचं प्रकरण गाजलं. आदिवासींच्या मालकीचे साग कवडीमोलानं गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. तिथेही कायदा नव्हता असं नाही.

म्हणून मला वाटतं की १९६९ च्या कायद्यातली आगाराची वाट प्रत्येक अल्पभूधारकाला, त्यानं मागितली तर, मोकळी करावी. जात कोणतीही असो. आणि खुणा होऊन यादी झाली त्याच दिवशी अंदाजित किमतीचा काही हिस्सा उचल म्हणून त्याच्या खात्यात जमा व्हावा. बँक सोन्यावर कर्ज देते, गोदामातल्या तुरीच्या पावतीवर देते. सरकारी हातोड्याची खूण असलेल्या सागावर द्यायला काय हरकत आहे?

ज्याला ठेकेदारालाच विकायचं आहे त्यानं खुशाल विकावं. सगळे ठेकेदार वाईट नसतात. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे असे आहेत की मालकाला सोबत घेऊन मोजणी करतात. पण परवानगीच्या कागदाबरोबर खुणा केलेल्या झाडांची यादी, गोलाईसकट, मालकाच्या हातात सहीनिशी मिळाली पाहिजे, आणि ती मिळाल्याशिवाय केलेला करार परवानगीच्या प्रकरणात ग्राह्य धरू नये. आगारातल्या लिलावात गोलाईच्या वर्गवारीप्रमाणे काय भाव निघाला हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. आज लिलाव ऑनलाइन होतात, भाव जगाला दिसतो, फक्त धुऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही. वाहतूक पासची देशभराची ऑनलाइन व्यवस्था २९ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण तिथे अर्ज भरणारा मोबाइल कोणाचा असतो, हे माझ्यासारख्या माणसाला विचारावं. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर यावा एवढा साधा नियमसुद्धा खूप काही बदलेल.

यातलं एक काम तर आजच होण्यासारखं आहे. २०२१ पासून आपण ई-पीक पाहणी करतो. त्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. तिथे झाडाचं नाव आणि संख्या येते. त्याच जागी गोलाईचा एक रकाना वाढवावा आणि फोटो घ्यावा. दर दोन-तीन वर्षांनी शेतकरी स्वतः फीत लावून आकडा भरेल, सातबाऱ्याबरोबर त्याच्या सागाचा हिशेबही वाढत जाईल. पुढे कधी निकडीच्या दिवशी ठेकेदार दारात आला, तर दोघांच्या हातात एकच आकडा असेल. चोरी झाली तर फिर्यादीला आधार मिळेल. आणि आपल्या नावावर चढत्या गोलाईचा साग लिहिलेला पाहून कोणी रोप उपटणार नाही, अशी मला आशा आहे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. मी माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची फीत ठेवतो. साग विकायचा म्हणून कोणी आलं की अर्ज लिहिण्याआधी फीत हातात देतो आणि सांगतो, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, झाडाभोवती गुंडाळा, आकडा लिहा, झाडावर चुन्यानं नंबर टाका. फीत दीडशे सेंटिमीटरची असते. त्याहून जाड झाड असेल तर आधी दोरी गुंडाळा, मग दोरी मोजा.

त्या बाईलाही मी फीत दिली आणि इसार घेतला असला तरी घाबरू नको, अजून कुऱ्हाड लागलेली नाही, असं सांगितलं. अंगठा असलेला कोरा अर्ज मी तिच्यासमोर फाडला. आठव्या दिवशी ती मुलाला घेऊन आली. मुलानं शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले होते, अनुक्रमांक, गोलाई, आणि शेरा म्हणून "वाकडं", "दोन फांद्या", "विजेनं जळलेलं". अक्षर नेटकं होतं. ६४, ७१, ११८, ५८, १३३. दोन झाडांपुढे लिहिलं होतं "दोरीनं". मी पानं उलटत शेवटच्या ओळीवर आलो आणि थांबलो. अनुक्रमांक सव्वीस होता.

"बावीस नाही भाऊ," ती म्हणाली, "सव्वीस हायेत. पोरानं दोनदा मोजले."

वहीवरून मी यादी साफ उतरवली, दोन प्रती केल्या, एक तिला दिली. फीत परत घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिनं ती मुलाच्या दप्तरात ठेवली.

"राहू द्या दोन दिवस," ती म्हणाली. "जावेच्या धुऱ्यावर बी हायेत."